सातपुड्याची सालई आणि तिचा डिंक

सालई हे सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणारे पानझडी झाड आहे. तिची फिकट राखाडी साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. हिवाळा सरता सरता पाने गळून गेलेल्या फांद्यांना बारीक पांढरी फुले येतात आणि खोडाला जखम झाली की सुवासिक डिंक पाझरतो. सागाला माती पुरत नाही अशा जागीही सालई तग धरते.  नंदुरबार जिल्ह्यात सालईचे रान तापीच्या उत्तरेला, शहादा, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरांत लागते.

या डिंकाचे औषधी नाव शल्लकी. सांधेदुखीच्या गोळ्यांच्या वेष्टनावर त्यामागे हजारो वर्षांची परंपरा असल्याचे छापलेले असते. परंपरा खरी आहे, पण ती वेष्टनावर दिसते तितकी सरळ नाही. चरकसंहितेत शल्लकी येते ती मलाचा बिघडलेला रंग पूर्ववत करणाऱ्या दहा द्रव्यांच्या, म्हणजे पुरीषविरजनीय, गणात. आणि तिथे सांगितली आहे ती झाडाची साल. डिंक कुंदुरू या नावाने वेगळा ओळखला जाई आणि धूप म्हणूनही वापरला जाई. बाजारात त्याला सालई गुग्गुळ म्हणतात, त्यामुळे खऱ्या गुग्गुळाशी त्याची गल्लत होते. गुग्गुळाचे काटेरी झुडूप राजस्थान-गुजरातच्या रुक्ष भागातले. दोन्ही झाडे एकाच कुळातली असली तरी त्यांची रसायने वेगळी आहेत.

डिंक काढण्याचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर आटोपतो. खोडाच्या सालीचा पातळ पट्टा तासून काढतात, पाझरलेला चीक साठला की खरवडून घेतात आणि जखम पुन्हा थोडी ताजी करतात. गोळा झालेला चिकट माल बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवला जातो. तेवढ्यात त्यातला पातळ रस निथळून जातो आणि मागे राहिलेला भाग हळूहळू घट्ट होतो. मग तो फोडायचा, सालीचे तुकडे हाताने वेचून काढायचे आणि रंग, वास, आकार पाहून प्रत लावायची.

एकोणिसाव्या शतकात या झाडाची ओळख एका जुन्या वादात अडकली. पश्चिम आशियातल्या मंदिरांत जाळला जाणारा ऊद नेमका कुठल्या झाडाचा, असा तो प्रश्न होता. हेन्री कोलब्रुक या संस्कृतज्ञाने शतकाच्या पहिल्याच दशकात त्याचे श्रेय सालईला दिले. सालईचे शास्त्रीय नाव बॉसवेलिया सेराटा हेही त्याच सुमाराचे. पुढे हेन्री कार्टर या मुंबईच्या शल्यचिकित्सकाने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याच्या सर्वेक्षणात उदाचे झाड प्रत्यक्ष पाहिले, आणि कोलब्रुकचे म्हणणे टिकेनासे झाले. निकाल लावला तो मुंबईच्या जॉर्ज बर्डवुडने. लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात 1870 साली आलेल्या प्रबंधात त्याने या वंशातल्या तीन नव्या जाती वर्णन केल्या. एकीला कार्टरचे नाव दिले, दुसरीला गव्हर्नर बार्टल फ्रिअरचे आणि तिसरीला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. भाऊ दाजींच्या नावाची जात आज स्वतंत्र मानली जात नाही, ती अरबी उदाच्याच जातीत धरतात. तरी मुंबईच्या एका मराठी वैद्याचे नाव सोमाली किनाऱ्यावरच्या झाडाला लागले होते, ही वनस्पतिशास्त्रातली गमतीची नोंद आहे.

वाद मिटल्यावर सालई साधे जंगली झाड ठरली. सरपण, खोकी आणि काड्यापेट्या एवढाच तिचा उपयोग उरला. 1950च्या दशकात सातपुड्यातच आणखी पूर्वेला, भुसावळ-खांडवा मार्गावर नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना सुरू झाला आणि त्याने बांबूसोबत सालईचे लाकूडही लगदा करायला घेतले. पुढच्या काळात औषध म्हणून तोलला जाणारा डिंक देणारी झाडे अशा रीतीने वर्तमानपत्रांत गेली.

डिंकाकडे औषधशास्त्राचे लक्ष वळले ते जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेमुळे. तिथल्या सिंग आणि अटल यांनी 1986 साली सालई गुग्गुळाचा अर्क प्राण्यांमध्ये दाह कमी करतो, असे दाखवले. मग जर्मनीतल्या ट्युबिंगन इथे अमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधले. सूज येते तिथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जमतात आणि पाच-लिपॉक्सिजनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने ल्युकोट्राईन तयार करतात. त्यातले एक ल्युकोट्राईन आणखी न्यूट्रोफिलांना बोलावून घेते, म्हणून दाह स्वतःच वाढत जातो. ॲस्पिरिनसारखी औषधे दुसऱ्या विकरावर काम करतात, हा मार्ग त्यांनी अडत नाही. डिंकातली बॉसवेलिक आम्ले मात्र याच विकराला अडवतात, असे 1991-92च्या शोधनिबंधांतून पुढे आले. रोगप्रतिकारक पेशींना मारून न टाकता त्यांचा आपसातला निरोप थांबवणारे औषध म्हणून सालईला मोल आले ते इथून.

रुग्णांवरच्या चाचण्यांत महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. गुडघ्याच्या झिजेच्या 30 रुग्णांवर नागपुरात झालेली चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली. अर्क घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र काहीच बदल दिसला नाही. ही शेवटची ओळ जाहिरातींत सापडत नाही. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने सालई, अश्वगंधा, सुंठ आणि हळद यांचे मिश्रण 90 रुग्णांवर 32 आठवडे तपासले आणि 2004 साली अनुकूल निष्कर्ष मांडले. अर्थात चार द्रव्यांच्या मिश्रणात सालईचा हिस्सा किती, हे अशा चाचणीतून वेगळे काढता येत नाही. आतड्यांच्या दाहावरचे अनुभव संमिश्र आहेत. क्रोन्स विकार आटोक्यात आल्यावर तो पुन्हा उसळू नये म्हणून अर्क दिला, तेव्हा 2011च्या जर्मन चाचणीत तो निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरला नाही. शिवाय बॉसवेलिक आम्ले रक्तात फार कमी शोषली जातात. स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास ते प्रमाण बरेच वाढते.

आम्ले विकराला नेमकी कुठे चिकटतात, हे 2020 साली रेणूच्या रचनेवरून उलगडले. ती विकराच्या क्रियाशील खाचेत बसत नाहीत, तर त्याच्या दोन भागांच्या मधल्या सांध्यात. त्यामुळे विकर नुसता थांबत नाही, त्याचे काम बदलते. दाह पेटवणाऱ्या पदार्थांऐवजी वेगळे रेणू तयार होतात, त्यांत दाह शमवणाऱ्या रेणूंचे पूर्वपदार्थही असतात.

एवढे होऊनही कच्चा माल मुख्यतः रानातूनच येतो. खोल खाचा पाडल्या तर झाड खंगते, आणि चराई व वणवे यांत बियांची रोपे सहसा जगत नाहीत. जाड फांदी जमिनीत रोवली तर मात्र ती मूळ धरू शकते. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी जंगलात राहणाऱ्यांकडे दिली असल्याने अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात सालईला किती खोल आणि किती वेळा तासायचे, हा निर्णय आता बराचसा ग्रामसभांच्या हातात आहे.