ताराबाईंचे कागद आणि कोल्हापूरची साठ वर्षे

'इहिदे मया व अलफ.' ताराबाईकालीन कागदपत्रांचा खंड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा अशाच एका तारखेपाशी मी अडखळलो होतो. इहिदे म्हणजे एक, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. म्हणजे त्या काळच्या कागदांवर लिहिला जाणारा सुहूर सन 1101. त्यात 599 मिळवले की 1700 साल निघते, आणि जानेवारी लागल्यावर 600 मिळवावे लागतात. सूर्य मृगात शिरला की हे साल बदलते. म्हणजे ज्या कागदावर किल्ल्याच्या वेढ्याची धास्ती आहे, त्याच कागदावरची तारीख पेरणीच्या हिशेबाने लिहिलेली आहे. मला तरी इतिहासाची गोडी लागली ती या एका गोष्टीने.

हे साल सुरू झाले तेव्हा राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. गादीवर त्यांचे चार वर्षांचे मूल आणि कारभार त्यांच्या पंचविशीतल्या पत्नी ताराबाईंच्या हाती. औरंगजेब स्वतः सह्याद्रीत उतरून एकेक गड घेत होता. 1701 मध्ये पन्हाळा गेला, 1702 मध्ये विशाळगड. 1707 मध्ये बादशहा दक्षिणेतच मेला. राज्य मात्र उभे राहिले. तरीही पुढची दोनेकशे वर्षे इतिहासाच्या पुस्तकांत ताराबाई आल्या त्या मुख्यतः साताऱ्याच्या शाहूंशी भांडणारी काकी म्हणूनच. सातारा आणि पुणे हा मधला प्रवाह आणि करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, गादी हे काठावरचे गाव, असा तो हिशेब होता. हा अन्याय होता, आणि तो कागदांनीच दूर होण्यासारखा होता.

18 नोव्हेंबर 1962 रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. ईशान्येला चीनशी युद्ध पेटले होते, आणि इकडे कोल्हापुरात सागरमाळावर एक विद्यापीठ उभे राहत होते. पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. नव्या विद्यापीठाच्या कुलगुरूला इमारती, परीक्षा, अनुदान यांतून मान वर काढायला फुरसत नसते. या माणसाने त्याही धबडग्यात मोडी कागदांचे काम हाती घेतले. ब्रिज किशोर यांचे ताराबाईंवरचे इंग्रजी पुस्तक 1963 मध्ये आले होते. मराठीत, मूळ कागदांसह ताराबाई उभ्या करण्याचे काम बाकी होते. 1969 पासून 'ताराबाईकालीन कागदपत्रे'चे खंड येऊ लागले आणि 1972 पर्यंत तीन खंड विद्यापीठाने प्रसिद्ध केले. स. मा. गर्गे यांची 'करवीर रियासत' 1968 ची, म्हणजे याच सुमाराची. करवीरकरांनी आपला इतिहास आपण लिहायला घेतला तो हा काळ.

असा खंड तयार होतो कसा, हे ठाऊक असले तर त्याची किंमत कळते. दफ्तरखान्यात कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल सोडायचा, घडीवर फाटू न देता कागद पसरायचा. बोरूने आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लटकवत नेलेली. हात न उचलता लिहिल्यामुळे शब्द कुठे संपला तेही दिसत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मग गावाचे नाव लावायचे कसे? आपल्या मुलुखात वडगावे किती! एक वडगाव चुकले तर फौज भलत्याच वाटेने निघते. त्यासाठी वाचणाऱ्याला लिपीबरोबर परगणे, कर्यात, देशमुखांची घराणी, सगळेच पाठ असावे लागते. शेवटी 'मोर्तब सूद' आले की कागद संपला, आता पुढे काही भर घालता येणार नाही, हा त्या काळचा बंदोबस्त.

आणि त्या कागदांत असते काय? लढायांची वर्णने शोधायला जाणाऱ्याची थोडी निराशा होईल. तिथे इनामे आहेत, वतनांचे तंटे आहेत, रयतेला दिलेले कौल आहेत. मोगल वतनाचे आमिष दाखवून माणसे फोडत होते; ती आपल्याकडे टिकवायची तर आपणही वतन दिले पाहिजे, ही राजारामकाळापासूनची अडचण या सनदांमागे उभी आहे. फौजेच्या धामधुमीत गाव परागंदा झाले की त्याला कौल द्यायचा: परत या, जमीन कसा, सारा सवलतीने घेऊ. युद्ध, राजकारण आणि शेतकऱ्याचे घर यांना आपण वेगवेगळ्या पुस्तकांत टाकले आहे. कागदात ती एकाच ओळीत बसलेली असतात. माझ्या मते त्या तीन खंडांचे सर्वांत मोठे देणे हेच.

28 ते 31 मे 1970 या दिवसांत विद्यापीठात मराठा इतिहासाचे चर्चासत्र भरले आणि त्यातले निबंध पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाले. पुढे अप्पासाहेब कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कागदांकडे वळले. शाहू संशोधन केंद्रातर्फे शाहू छत्रपतींच्या पत्रव्यवहाराचा पहिला खंड 1978 मध्ये आला, 1884 ते 1894 या वर्षांचा, म्हणजे महाराजांच्या राज्यारोहणापर्यंतचा. अप्पासाहेब 1981 मध्ये गेले. एका माणसाच्या ध्यासावर चाललेली कामे तो माणूस गेल्यावर बहुधा थांबतात. हे थांबले नाही. जैन समाजाचा अभ्यास करून नाव मिळवलेले समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनी बी. डी. खणे यांच्यासह पुढचे खंड संपादित केले. वेदोक्त प्रकरण किंवा 26 जुलै 1902 चा, संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा जाहीरनामा यांवर आज जो कोणी पुराव्यानिशी बोलतो, त्याला या खंडांकडे जावेच लागते.

खंडांतला माल सामान्य वाचकाच्या घरी पोचवण्याचे काम डॉ. जयसिंगराव पवारांनी केले. त्यांची महाराष्ट्र इतिहास प्रबोधिनी कोल्हापूरची, आणि 2001 चा 'राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ' हे तिचे ठळक काम. संताजी घोरपडे, महाराणी ताराबाई यांच्यावर त्यांनी लिहिले ते सोप्या मराठीत, पण तळटीप न सोडता. याच गावात गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका 1988 मध्ये तयार झाली. जाड खंड आणि पातळ पुस्तिका, दोन्हींची गरज असते. पुस्तिकेने प्रश्न विचारावा आणि खंडाने पुरावा द्यावा.

आज शिवकाळावर आणि ताराबाईंवर भाषणे, मालिका, चित्रपट यांना तोटा नाही. मोडी वाचणारे मात्र हवे तितके नाहीत, आणि करवीर दफ्तरातले सगळे कागद काही छापून झालेले नाहीत. ज्यांच्या घरी आजोबांच्या पेटीत मोडी कागद आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत आणि प्लास्टिकमध्ये कोंडूनही ठेवू नयेत, जाणकाराला दाखवावेत. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात कधी गेलात तर ताराबाईकालीन कागदपत्रांचा पहिला खंड मागा. प्रस्तावना नंतर वाचा. मधलेच एखादे पान उघडा, आपल्या तालुक्यातले गाव शोधा आणि सुहूर सनात 599 मिळवून पाहा.