लॉस एंजेलिसचा लोहमार्ग : विस्तार की पुनरागमन?

लॉस एंजेलिस हे नगर मोटारीने अस्ताव्यस्त पसरविले, असे सर्रास म्हटले जाते. कालक्रम पाहता हे मत टिकत नाही. हेन्री हंटिंग्टन यांनी १९०१ साली ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ कंपनी स्थापन केली, तेव्हा मोटार ही धनिकांच्या हौसेची वस्तू होती. हंटिंग्टन यांचा मोठा व्यवहार जमिनीचा. विजेची गाडी त्या जमिनीला गिऱ्हाईक आणून देई. उपनगरे दूरदूर वसली ती या तांबड्या गाड्यांच्या आधाराने. मोटार मागाहून या आयत्या घरात शिरली.

मोटार-उत्पादकांनी कट करून या गाड्या बुडविल्या, ही आख्यायिकाही तपासून घ्यावयास हवी. जनरल मोटर्सचा पैसा लागलेल्या ‘नॅशनल सिटी लाइन्स’ने १९४५ साली घेतली ती शहरातील पिवळ्या ट्रामगाड्यांची कंपनी. लाँग बीचची अखेरची तांबडी गाडी १९६१ साली बंद केली, ती एका सार्वजनिक प्राधिकरणाने! याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

१९८० साली मतदारांनी वाहतुकीसाठी अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर मान्य केला आणि १९९० साली लाँग बीचची गाडी पुन्हा सुरू झाली, बहुतांशी जुन्याच मार्गाने. तिला ‘नवी’ म्हणणे भाषेच्या अभ्यासकास खटकते. परंतु एका अर्थी ती नवीच आहे. हंटिंग्टन यांची गाडी मोकळ्या रानात वस्ती घडवीत गेली. या गाडीला आधीच वसलेल्या वस्तीतून प्रवासी मिळवावयाचे होते, आणि तेथे बहुतेक घरांच्या दारी मोटार उभी होती.