आधी काय काढलं?

आपल्याकडे कुठलीही वस्तू आली तशी वापरायची पद्धत नाही. सदरा विकत आणला, की त्याचा पहिला मुक्काम शिंप्याकडे. फ्लॅट घेतला, की किल्ली हातात पडायच्या आत गॅलरी खोलीत ओढून घ्यायची बोलणी गवंड्याशी सुरू. सोफा आणला तर त्याला कव्हर, कव्हर मळू नये म्हणून वर चादर, आणि पाहुणे येणार म्हटलं की ती चादर काढायची धावपळ. तेव्हा आमच्या नातवाने कोरी करकरीत थार घरी आणली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती गॅरेजात नेऊन घातली, यात रक्ताचा गुण दिसला एवढंच मी म्हणेन.

महिन्याभराने गाडी परत आली ती ओळखू येईना. पुढे लोखंडी बंपर. त्यावर विंच, म्हणजे विहिरीवरचा रहाट बसका करून गाडीच्या तोंडाला बांधावा तसं एक यंत्र; गाडी चिखलात रुतली, की त्याची दोरी झाडाला बांधायची आणि गाडीने स्वतःला ओढून काढायचं. उजव्या अंगाला इंजिनाने श्वास घ्यायचा पाइप, हत्तीने सोंड वर केल्यासारखा. टपावर दिव्यांची अख्खी पट्टी. आणि त्या पट्टीच्या मागे, घडी घातलेला, चक्क एक तंबू.

"तंबूतच राहायचं होतं, तर खाली गाडी कशाला घेतली?" आमच्या हिने विचारलं. या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही.

ही सगळी तयारी 'नाइट ट्रेल'साठी. म्हणजे काय, तर मुळशीकडच्या ज्या वाटेने दिवसा गुरं जातात, त्या वाटेने रात्री गाडी न्यायची. मी म्हटलं, "अरे, आम्ही नोकरीत असताना हे सरकारी खर्चाने करायचो, आणि वर भत्ता मिळायचा." तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजोबा, ही सगळी नवी टेक्नॉलॉजी आहे." निवृत्त माणसाला असं कुणी म्हटलं, की तो वाचनालयात जातो. मीही गेलो. परत आलो तो मोटारी आडवाटेला नेणाऱ्यांचा शंभर वर्षांचा इतिहास घेऊन. त्यातलं मुख्य कलम असं, की या विद्येचे जे आद्य आचार्य होते, ते गाडीला काय काय लावलं हे कमी आणि गाडीतून काय काय काढलं हे जास्त सांगत.

पहिले आचार्य म्हणजे राल्फ बॅग्नॉल्ड. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, नेमणूक इजिप्तमध्ये. इतर साहेब सुटीत कैरोच्या क्लबात जात, हा फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात जाई. १९२९, १९३० आणि १९३२ साली त्याने मोठ्या मोहिमा काढल्या. जिथे उंटवालेसुद्धा जायला कां कूं करत, त्या वाळूच्या डोंगरांत. गाड्या रुतायच्याच. मग त्याने टायरमधली हवा कमी केली. टायर पसरट झाला, की उंटाच्या पावलासारखा वाळूवर फतकल मारतो आणि रुतत नाही. तरीही रुतलाच, तर चाकाखाली सरकवायला पन्हाळीसारखे लोखंडी पत्रे. हे पत्रे मूळचे पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छपरांचे, कैरोच्या भंगारात मिळालेले. आमच्या नातवाच्या टपावर नारिंगी प्लॅस्टिकच्या ज्या दोन फळ्या मिरवतात, त्या याच पत्र्यांच्या पणत्या. फक्त त्या भंगारात मिळाल्या नाहीत. त्यांची पावती मी पाहिली आहे.

पाण्याचं तर त्याने कमालच केलं. वाळवंटात रेडिएटर उकळतो आणि वाफ उडून जाते. म्हणजे माणसाने प्यायचं पाणी गाडीच पिते. बॅग्नॉल्डने वाफेची नळी बाहेर न सोडता, बाजूला बांधलेल्या अर्ध्या भरलेल्या डब्यात सोडली. वाफ त्यात निवून पाणी होई, आणि इंजिन थंड झालं की ते पाणी रेडिएटर आपलं आपण परत ओढून घेई. आज आपल्या गाडीच्या बॉनेटखाली जो पांढरट प्लॅस्टिकचा डबा असतो, तो याच घराण्यातला. होकायंत्राचीही अशीच गंमत. गाडीच्या लोखंडाशेजारी ते बहकतं. म्हणून याने एका तबकडीवर सुई उभी केली आणि तिच्या सावलीवरून दिशा ओळखली. आपल्या आजीला अंगणातल्या सावलीवरून घड्याळ कळायचं. याने दिशा काढली, एवढाच फरक.

१९४० साली युद्ध इजिप्तच्या दाराशी आलं. तेव्हा याच माणसाने जनरल वेव्हेलची परवानगी काढून सहा आठवड्यांत एक पथक उभं केलं, 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप'. पुढे आपल्याकडच्या घोडदळातल्या जवानांचंही एक पथक या कामावर होतं. ट्रक शेव्हरोलेचे, दीड टनी. ते ताब्यात आल्यावर पहिलं काम काय केलं? दारं काढली. पुढची काच काढली. टप काढला. कारण दाराचं वजन म्हणजे तेवढं पेट्रोल कमी, तेवढं पाणी कमी, आणि पाणी कमी म्हणजे परत यायचे दिवस कमी. रात्री सूर्य नाही, म्हणजे सावलीची तबकडी मुकी. मग मुक्काम करायचा, आणि वाटाड्याने ताऱ्यांचे कोन मोजून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते काढायचं. म्हणजे 'नाइट ट्रेल'च्या मूळ पुरुषांच्या लेखी रात्र ही बरीचशी थांबून वर बघण्यासाठी होती.

दुसरं प्रकरण खुद्द जीपचं. ज्यांना थार आवडते त्यांच्या त्या आवडीचा आजा हाच. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कारखान्यांना पत्रं धाडली: चारही चाकं ओढणारी छोटी गाडी हवी, नमुना ४९ दिवसांत हवा, आणि वजन १३०० पौंडांच्या आत हवं. म्हणजे ५९० किलो. आपल्याकडे टेंडर निघालं की मुदतवाढीचा अर्ज आधी तयार असतो. तिकडे १३५ पैकी दोघांनीच दाद दिली. त्यातल्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्टने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला, शेवटच्या दिवशी, गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. ५९० किलोंत ती बसणं शक्य नव्हतं, हे लष्करालाही कळलं. शेवटी मर्यादा २१६० पौंडांवर, म्हणजे टनाच्या जरा आत आली.

आता विलीज कंपनी पेचात पडली. तिचं इंजिन सगळ्यांत दांडगं, ६० अश्वशक्तीचं. पण गाडी मर्यादेबाहेर भरत होती. तिचा मुख्य इंजिनिअर बार्नी रूस याने गाडीचा एकेक भाग तराजूत घालायला घेतला. लांब बोल्ट आखूड केले. जाड पत्रा पातळ केला. शेवटी रंगाचा एक हातसुद्धा वाचवला, असं सांगतात. रंगाला वजन असतं हे आपल्याला दिवाळीत भिंती रंगवताना कधी सुचलं नव्हतं! पण त्या काटछाटीतून जी गाडी निघाली, ती पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर बनवली.

आणि तिचे दिवे? हा भाग मी नातवाला मुद्दाम दोनदा वाचून दाखवला. युद्धात रात्री दिवा लावणं म्हणजे वरच्या विमानाला हात करून बोलावणं. म्हणून जीपला झाकलेला, पापणी मिटल्यासारखा वेगळा दिवा असे. मागचे झाकलेले दिवे तर हिशेबाने केलेले: मागच्या ड्रायव्हरला चार ठिपके दिसले तर तो फार जवळ आला, दोन दिसले तर अंतर बरोबर, एकच दिसला तर तो मागे पडला. पुढचे मोठे दिवे एक पंखनट सैल केला, की उलटे फिरत आणि इंजिनावर उजेड पाडत. म्हणजे रात्री दुरुस्ती करताना कुणाला बॅटरी धरून उभं राहायला नको. २६-२७ जुलै १९४२ च्या रात्री इजिप्तमधल्या सिदी हनीशच्या विमानतळावर १८ जीपनी छापा घातला, तो दिवे न लावता, चांदण्यात वाळवंट तुडवत जाऊन. त्या जीपच्या तोंडावरच्या जाळीचे गजही बरेचसे कापून टाकलेले, हवा लागावी म्हणून. पुन्हा काढलंच!

युद्ध संपलं आणि ही गाडी आपल्याकडे आली. के. सी. महिंद्रा अमेरिकेत त्या बार्नी रूसना भेटले होते. त्यांची कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. आद्याक्षरं तीच राहिली. देश फाटला, पण पाटीवरची अक्षरं सांभाळून फाटला. १९४९ साली मुंबईत माझगावला अमेरिकेहून सुट्या भागांत आलेल्या जीप जोडल्या जाऊ लागल्या, आणि मग काय, मामलेदारापासून सिनेमातल्या खलनायकापर्यंत सगळे जीपमधूनच उतरू लागले.

आपल्या लोकांनी मात्र जीपमध्ये एकच सुधारणा मनापासून केली: माणसं घातली. साताऱ्या-कोल्हापुराकडचं वडाप ज्याने पाहिलं असेल त्याला सांगायला नको. आत बसलेले, मागे लटकलेले, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना टेकलेले. ड्रायव्हर स्वतः निम्मा बाहेर, आणि गिअर टाकायची वेळ आली की तो कुणाच्या तरी गुडघ्याला "जरा सरका" म्हणायचा. अमेरिकन लष्कराने रंगाचं वजन मोजलं होतं. आमच्याकडे "अजून दोघं बसतील" हे एकच माप.

या इतिहासात मलाही एक लहानशी जागा आहे. १९७६ च्या पावसाळ्यात मी पाटबंधाऱ्याच्या सर्व्हेसाठी सातपुड्यात, धडगावकडे होतो. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. जीप सरकारी, आणि ड्रायव्हर वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत. एका रात्री घाटाच्या माथ्यावर चार माणसं बांबूला झोळी बांधून येताना दिसली. झोळीत बाळंतपणाला अडलेली बाई. कालपासून अडलेली. शहाद्याचा दवाखाना घाट उतरून, आणि घाटात चिखल. मामांनी एका शब्दाने विचारलं नाही. ताडपत्री सोडली, सर्व्हेच्या पेट्या खाली ठेवल्या, पेट्रोलचा जादा डबा काढला, मागची बाकं मोकळी केली, स्टेपनी खोलून रस्त्याकडेला ठेवली. बाईला आडवं निजवलं. सासू बसली, नवरा बसला. मग मामांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "साहेब, तुम्ही बी उतरा."

मी उतरलो. राजपत्रित अधिकारी होण्याच्या वाटेवर होतो, पण त्या क्षणी माझी वर्गवारी स्टेपनीत झाली, आणि ती बरोबर होती. वरून मी त्या जीपचे दिवे पाहत होतो. प्रत्येक वळणावर मामा दिवा मालवायचे, खालून कुणी उजेड टाकतंय का ते बघायचे, आणि मग लावायचे. दर वेळी दिवा मालवला की माझा श्वास अडकायचा. पुढे ते दिवे झाडीत गेले आणि मी स्टेपनीवर बसून राहिलो. थोड्या वेळाने ढग फाटले. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात असं पुस्तकात म्हणतात; मला अख्खी रात्र होती. सकाळी आठाच्या सुमाराला जीप चिखलाने माखून वर आली. मामांनी उतरून आधी स्टेपनी चढवली, मग पेट्या, आणि मग मला म्हणाले, "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत. बसा."

हे ऐकल्यावर नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने वहीत एकेका वस्तूसमोर वजन लिहायला घेतलं. मीही संधी साधून सांगितलं, की टपावरचा उजेड वरून सपाट पडतो, खड्ड्याची सावलीच उरत नाही आणि खड्डा रस्त्यासारखा दिसतो; धूळ असली तर तोच उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. दिवा खाली असला, की प्रत्येक दगड आपली सावली पुढे करून सांगतो, मी इथे आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच, आणि कारखान्याने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाहीत, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. गॅलरी ओढून घेणाऱ्यांनी कायद्याचं नाव काढू नये, असं ही म्हणाली. पण ते महानगरपालिकेचं खातं, मोटारीचं नव्हे.

त्या शनिवारी निघताना त्याने टपावरून तंबू उतरवला. दिव्यांची पट्टी अजून वर आहे; तिच्यासाठी घेतलेलं कर्ज फिटेपर्यंत ती काढायची नाही असं तो म्हणतो, आणि कर्जालाही वजन असतं हे त्याचं त्याला कळेल. मला त्याने बरोबर चलायला सांगितलं. मी म्हटलं, येईन, पण कुणाला खरोखर न्यायची वेळ आली तर पहिला कोण उतरणार, ते आधी ठरवून ठेव.

"तंबू तर उतरलाच आहे, आजोबा," तो म्हणाला. "नंतर माझे दोन मित्र. तुम्ही तिसरे."

इतक्या वर्षांत माझी दोन जागांनी बढती झाली, हे काय कमी आहे!