आफ्रिका समन्वेषण-युद्धखेळ
आफ्रिका समन्वेषण-युद्धखेळ : एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय समन्वेषकांच्या आफ्रिकेतील मोहिमा टेबलावर किंवा पटावर मांडून खेळावयाचा बैठा खेळ. तो मुख्यत्वे ब्रिटन व अमेरिकेत रूढ झाला. टेबलावरील प्रकारात धातूच्या वा प्लॅस्टिकच्या, सामान्यतः २५ ते २८ मिमी. उंचीच्या मूर्ती वापरतात व खेळाडू त्या स्वतः रंगवितात. हालचालीचे अंतर पट्टीने मोजतात. गोळीबार, हातघाई व मनोधैर्य यांचा निकाल फासे टाकून लावतात.

युद्धखेळाचे मूळ प्रशियात आहे. तेथे राइसविट्स पितापुत्रांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ तयार केला. पुत्राने सुधारलेले त्याचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एच्. जी. वेल्स याच्या लिट्ल वॉर्स (१९१३) या पुस्तकाने तो छंद म्हणून घरात आणला, तर डॉनल्ड फेदरस्टोन याच्या वॉर गेम्स (१९६२) या ग्रंथामुळे त्याचा प्रसार झाला. वसाहतकालीन लढायांसाठी लॅरी ब्रॉम या अमेरिकन रचनाकाराने द सोर्ड अँड द फ्लेम (१९७९) ही नियमावली सिद्ध केली. तीत तांबडा पत्ता निघाल्यास ब्रिटिश तुकडी व काळा निघाल्यास प्रतिपक्षाची तुकडी हलते. पुढे क्रिस पीअर्स याने मध्य आफ्रिकेसाठी नियम लिहिले आणि मार्क कॉपलस्टोन याने ‘डार्केस्ट आफ्रिका’ ही मूर्तिमालिका घडविली. तीत गोऱ्या समन्वेषकांबरोबर आझांडे, मसाई, रुगा-रुगा इ. आफ्रिकी योद्धेही आहेत. हे तिचे वैशिष्ट्य असले, तरी मालिकेचे नाव मात्र जुन्या दृष्टीचेच राहिले.

समन्वेषणाचे स्वरूप लढाईपेक्षा वेगळे असल्याने डेव्हिड वेस्ली व रॉस मेकर यांचा सोर्स ऑफ द नाइल (१९७८) हा पटावरील खेळ अधिक उद्‌बोधक ठरतो. त्याच्या नकाशावर आफ्रिकेच्या अंतर्भागातील षट्‌कोनी घरे कोरी असतात. खेळाडू हमाल, शिपाई, होड्या, भेटवस्तू व शिधा यांची जुळवाजुळव करून आत शिरतो आणि सापडलेली नदी, सरोवर वा पर्वत पुसता येणाऱ्या खडूने रेखाटतो. परत येऊन शोध प्रसिद्ध करण्यापूर्वी समन्वेषक मेला, तर त्याची रेखाटने पुसून टाकावी लागतात.

शिध्याचा व भेटवस्तूंचा हा हिशेब इतिहासाला धरून आहे. पूर्व आफ्रिकेतील तांडे बंदुकीपेक्षा कापड, मणी व तार यांवर चालत. वाटेतील प्रमुखांना ‘होंगो’ नावाचा कर द्यावा लागे व त्याच्या वाटाघाटींत दिवसचे दिवस जात. तथापि कोऱ्या नकाशाची कल्पना भ्रामक आहे. बर्टन व स्पीक १८५८ मध्ये टांगानिका सरोवराकाठी पोहोचले, ते व्यापारी तांड्यांच्या रुळलेल्या वाटेने. त्यांच्याबरोबर असलेला सिदी मुबारक बॉम्बे हा बालपणी गुलाम म्हणून हिंदुस्थानात विकला गेला होता. धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन तो आफ्रिकेत परतला. पुढे स्पीक-ग्रँट, स्टॅन्ली व कॅमेरन यांच्या मोहिमांतही तो होता. समन्वेषक बदलत गेले, अनुभव मात्र त्याच्याजवळ साठत गेला. खेळात अशा माणसाची गणना बहुधा सामानाबरोबर होते.

समन्वेषकाबरोबर त्याचा नकाशाही पुसला जातो, या नियमाला लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या मोहिमेचे उदाहरण छेद देते. १८६६ मध्ये त्याने नासिकजवळील शरणपूरच्या मिशन वसाहतीतील मुक्त आफ्रिकी तरुण बरोबर नेले होते. मुंबईत काही काळ शिकलेला चुमाही त्यांच्यासमवेत होता. शरणपूरचाच जेकब वेनराइट नंतर पाठविलेल्या तुकडीतून त्यास मिळाला. मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. चुमा, सुसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हृदय तेथेच पुरले, वेनराइटने प्रार्थना म्हटली व झाडावर लेख कोरला. नंतर शव, टिपणवह्या व उपकरणे घेऊन त्यांनी समुद्रकिनारा गाठला; या प्रवासास सुमारे नऊ महिने लागले. वेनराइट शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाच्या वेळी त्याने शवपेटीस खांदा दिला. चुमा व सुसी तेथे नंतर पोहोचले. हॉरेस वॉलर याने त्याच वर्षी लिव्हिंग्स्टनची अखेरची रोजनिशी संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा टिपणांतील दुर्बोध जागा व अखेरच्या दिवसांची हकिगत त्याने या दोघांकडूनच समजून घेतली.