एंजिन रुळविणे व तापविणे

नवे अथवा दुरुस्तीनंतर पुन्हा जोडलेले अंतर्ज्वलन-एंजिन (सिलिंडरातच इंधन जाळून शक्ती निर्माण करणारे एंजिन) प्रारंभी बेताच्या वेगाने व भाराने चालवून त्याचे परस्परांवर घासणारे भाग नीट बसू देणे, या क्रियेस एंजिन रुळविणे म्हणतात. थंड एंजिन सुरू केल्यावर ते नेहमीच्या कार्यकारी तापमानास येईपर्यंत जपून चालविणे म्हणजे एंजिन तापविणे होय. पहिली क्रिया एंजिनाच्या आयुष्यात एकदाच, तर दुसरी दररोज करावी लागते. झीज कमी करणे हा दोहोंचा समान हेतू आहे. थंडीच्या दिवसांत घेतलेल्या नव्या वाहनाच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी कराव्या लागतात.

रुळविण्याचे तत्त्व : सिलिंडराची आतील भिंत दिसावयास गुळगुळीत असली, तरी तिच्यावर यंत्रणाच्या वेळी पडलेले सूक्ष्म उंचवटे व खाचा असतात. दट्ट्याच्या (पिस्टनच्या) कड्या भिंतीवर घासून हे उंचवटे झिजतात, खाचांत वंगण टिकून राहते आणि कड्या भिंतीशी वायुरोधक रीतीने बसतात. आरंभीच जास्त भार दिल्यास उंचवट्यांच्या जागी अतिशय उष्णता निर्माण होऊन भाग खरवडले जातात. उलट, एंजिन फार काळ बिनभाराने चालविल्यास कड्यांवर वायूचा पुरेसा दाब पडत नाही, भिंत काचेप्रमाणे चकचकीत होते आणि पुढे वंगण जळू लागते. म्हणून वेग व भार बेताचा, परंतु बदलता ठेवणे हेच योग्य समजले जाते.

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या काळात ‘एंजिन तापविणे’ ही शब्दशः करावयाची क्रिया होती. हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्यूअर्ट यांच्या १८९० च्या एकस्वांवर आधारलेल्या तप्तगोल एंजिनात सिलिंडराच्या टोकावरील पोकळ गोल फुंकदिव्याने काही मिनिटे तापविल्यावाचून एंजिन चालू होत नसे. मोटारगाडीचे एंजिन हँडलने फिरवून सुरू करावे लागे. थंडीत वंगण घट्ट झाल्यामुळे हे काम कष्टाचे होई आणि हँडल उलट फिरून हाताला इजा होण्याचे प्रसंगही येत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आल्यानंतर हे कष्ट हळूहळू संपले.

थंड एंजिनाची झीज केवळ घट्ट वंगणामुळे होते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. १९३०–४० या दशकात ब्रिटनमधील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने केलेल्या संशोधनातून मात्र वेगळेच कारण पुढे आले. इंधन जळताना तयार होणारी पाण्याची वाफ थंड भिंतीवर द्रवरूप होते, तीत अम्ले विरघळतात आणि धातूचे क्षरण होते. याखेरीज न जळलेले पेट्रोल भिंतीवरील वंगण धुऊन टाकते व तळाशी साठलेल्या वंगणात मिसळून ते पातळ करते. यावरून एंजिन उभ्या जागी सावकाश तापविण्यापेक्षा ते लवकर तापणे हितावह, हे स्पष्ट झाले. १९५० नंतर थंडीतही प्रवाही राहणारी व उष्णतेत फार पातळ न होणारी बहुश्रेणी वंगणे प्रसारात आली.

महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या १९४४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून मोटारगाड्यांची जोडणी सुरू झाली. तेथून निघालेल्या फियाट ११०० व पुढे पद्मिनी या गाड्या थंड सकाळी सुरू करताना चालकास ‘चोक’ ओढून कार्ब्युरेटरमधील हवा कमी करावी लागे. एंजिन गरम झाल्यावरही चोक ओढलेलाच राहिला, तर इंधन वाया जाऊन सिलिंडराची झीज वाढे.

शहादा परिसर : नंदुरबार जिल्ह्यातील (१ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्हा) शहादा तालुका तापीचे खोरे व सातपुडा यांच्या दरम्यान आहे. येथील थंडी हिमालयीन प्रदेशाइतकी तीव्र नसली, तरी डिसेंबर–जानेवारीत पहाटेचे तापमान कधीकधी १०° से.च्याही खाली जाते. ऊसतोडणीचा हंगाम व रब्बी पिकांचे पाणी याच काळात येते. त्यामुळे ट्रॅक्टर, मालमोटारी व विहिरींवरील डीझेल एंजिने ऐन थंडीच्या वेळी सुरू करावी लागतात. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. थंड भिंती ही उष्णता शोषून घेतात. म्हणून हँडलने सुरू करावयाच्या शेती एंजिनात झडप तरफेने उचलून धरतात, चाकास पुरेसा वेग आला की तरफ सोडतात. नवे एंजिन याच हंगामात पूर्ण भाराने जुंपले जाण्याचा संभव असतो. ते अडकून बसले, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर पाण्याची पाळीही चुकते. शहाद्याहून सु. १,१५० मी. उंचीवरील तोरणमाळकडे जाणाऱ्या वाहनास प्रथम सपाटीचा रस्ता मिळतो. घाट लागेपर्यंत एंजिन बेताच्या वेगाने आपोआप तापते. तोरणमाळहून पहाटे निघणारे वाहन मात्र थंड एंजिनाने थेट उतार उतरते. एंजिनावर भार नसल्याने ते उशिरा तापते.

सद्यःस्थिती : यंत्रणातील अचूकतेमुळे आधुनिक एंजिने कारखान्यातच बरीचशी रुळलेली असतात. तरीही सुमारे पहिले १,००० किमी. अतिवेग, अतिभार व दीर्घकाळ एकच वेग टाळावा, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणामुळे चोक राहिला नाही. एंजिन सुरू झाल्यावर वंगणाचा दाब येण्यापुरते, साधारणतः अर्धा ते एक मिनिट थांबून गाडी सावकाश हाकणे पुरेसे असते. उभ्या गाडीत पंधरा-पंधरा मिनिटे एंजिन चालू ठेवण्याची जुनी सवय आता निरुपयोगी असून तिने इंधन व झीज दोन्ही वाढतात. बंद जागेत तसे केल्यास कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन विषारी वायूने जीवितास धोका पोहोचतो.