मांड आणि माप

बीड जिल्ह्याच्या इतिहासात किल्ले, देवळे, विहिरी आणि लढाया यांना त्यांचे रास्त स्थान मिळाले आहे. पण ज्या साधनांनी इथला माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, त्या साधनांकडे इतिहासकारांनी फारसे वळून पाहिलेले नाही. वस्तुतः ज्या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यातून प्रवासी आगगाडी सुटावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला, ज्याचा अर्धा मुलूख बालाघाटाच्या माथ्यावर आणि अर्धा गोदावरीकाठच्या काळ्याभोर गंगथडीत पसरलेला आहे, आणि ज्याच्या घाटमाथ्याला खालच्या गावांशी जोडण्याचे काम मांजरसुंब्याच्या व धारूरच्या घाटांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, त्या जिल्ह्यात माणूस कशावर बसून हिंडला आणि कसा बसून हिंडला, हा प्रश्न गौण मानता येणार नाही. त्यातील 'कशावर' याचे उत्तर कोणीही देईल. 'कसा' याचे उत्तर देऊ गेले, म्हणजे बैठकीच्या मापाची एक लहानशी परंतु चमत्कारिक हकीकत हाती लागते.

गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांच्या फौजेने निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या धामधुमीत कामास आला, हे सर्वश्रुत आहे. त्या काळचा हा सारा प्रांत घोड्यांच्या टापांखालचा. घोडेस्वाराच्या भाषेत ज्याला मांड म्हणतात ती केवळ धाडसाने पक्की होत नाही. खोगीर घोड्याच्या पाठीला बसले पाहिजे आणि रिकीब स्वाराच्या पायाला. रिकीब आखूड झाली तर गुडघे पोटाशी येतात, लांब झाली तर पाऊल तिच्यातून सुटते. म्हणून स्वारांमध्ये एक साधा ठोकताळा जगभर चालत आला आहे: हाताची बोटे खोगिराशी जेथे वादी अडकते तेथे टेकवावी, वादी बाहूच्या लगत ताणून धरावी आणि रिकीब काखेत येते की नाही ते पाहावे. ना फूटपट्टी, ना कागद. स्वाराचा हात हेच त्याच्या पायाचे माप. पुढे सायकल आली तेव्हा हाच ठोकताळा जवळजवळ जसाच्या तसा तिला लागू झाला. मधल्या आसाच्या टोकावर बोटे टेकवावी आणि सीट काखेत येते का ते पाहावे, ही सायकलस्वारांची जुनी रीत त्याच घराण्यातली आहे.

दोन्ही चाके जवळजवळ सारख्या उंचीची असलेली, साखळीने चालणारी 'रोव्हर' सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडात १८८५ साली बाजारात आणली आणि डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या रबरी धावेचे पेटंट घेतले. त्याच १८८८ सालापासून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आपले बंधू रामुअण्णा यांच्या साह्याने सायकलींचा व्यापार मांडला, आणि नुसती सायकल विकून न थांबता ती चालविण्यास शिकविण्याचाही उद्योग केला, ही गोष्ट मराठी उद्योगाच्या इतिहासात आदराने सांगितली जाते. मराठवाड्याचा रस्ता मात्र याहून लांबचा होता. बीड हा निजामाच्या मुलखातला जिल्हा, आणि शेजारचे नगर इंग्रजी अमलातले. त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या मालाला करोडगिरीचा नाका ओलांडून, मूल्यावर शेकडा पाचाच्या हिशेबाने जकात भरून आत यावे लागे. त्यात इंग्रजी मुलखातील सौदा कलदार रुपयांत आणि इथल्या माणसाची मिळकत हाली शिक्क्यात, ज्याचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै मोजले म्हणजे शंभर कलदार पदरात पडत. बर्मिंगहॅमची किंवा नॉटिंगहॅमची सायकल इतक्या द्राविडी प्राणायामानंतर एखाद्या वकिलाच्या किंवा तहसीलच्या अंमलदाराच्या दारात येऊन उभी राहिली, तर ती आपल्या पायाला लांब आहे की आखूड, असा क्षुद्र प्रश्न विचारण्याची कोणाची छाती होणार?

स्वातंत्र्यानंतर, आणि १९४८ च्या पोलीस कारवाईने हा मुलूख मोकळा झाल्यावर, परिस्थिती पालटली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी.आय. सायकल्स १९४९ साली, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ साली आणि लुधियान्यात हीरो १९५६ साली असे देशी कारखाने उभे राहिले आणि काळी, जड, दांडीच्या ब्रेकांची सायकल गुरुजींच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या आवाक्यात आली. पण ती आली ती बहुतेक दोनच मापांत, बावीस इंची आणि चोवीस इंची. ही इंचांची गणना चाकाची नव्हे, तर मधल्या आसापासून सीटखालच्या नळीच्या तोंडापर्यंतच्या उंचीची. आणि आमच्याकडे पसंती मिळाली ती मोठीला. या पसंतीची कारणे निव्वळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. घरात सायकल एकच असे. तिच्यावर बाप कचेरीत जाई, थोरला मुलगा तालुक्याच्या शाळेत जाई, चुलता आठवड्याच्या बाजाराला जाई, आणि संध्याकाळी धाकटा तिच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत गल्लीत धडपडे. एवढ्यांची एक सायकल घ्यायची तर ती सर्वांत उंच माणसाच्या बेताने घेतली जाई, शिवाय मोठ्या सायकलीचा रुबाब निराळा आणि कॅरिअरवर पोते लादले तरी ती दबणार नाही अशी समजूत. अंगरखा शिवताना शिंपी छाती, बाही, गळा अशी चार मापे घेऊन वर 'जरा सैल ठेवू का' म्हणून विचारी. तीस वर्षे चालवावयाच्या सायकलीसाठी मात्र कोणी टेप काढली नाही.

मापाची विद्या त्यामुळे कारखान्यातही राहिली नाही आणि दुकानदाराच्या गादीवरही राहिली नाही. ती उरली, तीही त्रोटक रूपात, रस्त्याच्या कडेला टपरी टाकून बसलेल्या सायकल मिस्त्रीच्या हातात. चाकाचा आउट काढणे, पंक्चर जोडणे आणि ओव्हरऑयलिंग करणे हा त्याचा मुख्य धंदा, परंतु नवी सायकल घेऊन गिऱ्हाईक आले की तो पान्हा घेऊन सीटखालचा नट सैल करी, गिऱ्हाइकाला भिंतीशी हात टेकवून वर बसवी आणि म्हणे, "गुर्जी, टाच लावा पायडलीवर. आता पाय ताणा." पायडल सर्वांत खाली असताना टाच तिच्यावर टेकली आणि गुडघा जेमतेम सरळ झाला की सीट बरोबर, टाच अधांतरी लोंबली तर सीट खाली, गुडघा वाकलेलाच राहिला तर वर. मग पाऊल नेहमीसारखे, चवडा पायडलीवर ठेवून, दोन-चार उलटे फेरे मारावयास लावी, आणि कंबर डावी-उजवीकडे झुलते का ते मागे उभा राहून पाही. एवढे झाले की नट आवळला जाई. याचे पैसे तो वेगळे घेत नसे.

ही रीत अडाणी नव्हती, हे सिद्ध व्हावयास मात्र परदेशातील प्रयोगशाळांची वाट पाहावी लागली. हॅम्ली आणि थॉमस या इंग्रज संशोधकांनी १९६७ साली असे दाखविले की जांघेपासून जमिनीपर्यंतच्या उंचीच्या १०९ टक्के अंतर दूरच्या पायडलीपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवले असता पाय कमी श्रमात अधिक काम करतात. इटलीच्या क्रीडा महामंडळाने १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी सायकलपटूंसाठी ग्रंथच काढला, आणि फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या तालमीतून, पुढे अमेरिकन विजेता ग्रेग लेमाँड याच्या नावाने, दुसरे सूत्र जगभर पसरले: जांघेची उंची गुणिले ०.८८३ म्हणजे मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. ज्याची जांघ ८० सेंटिमीटरवर आहे त्याला पहिल्या सूत्राने पायडलीपासून ८७.२ आणि दुसऱ्याने आसापासून ७०.६ सेंटिमीटर मिळतात. दुसऱ्यात पायडलीच्या दांड्याचे नेहमीचे १७ सेंटिमीटर मिळविले की ८७.६ होतात. दोन वेगळ्या देशांतल्या, वेगळ्या वाटांनी आलेल्या उत्तरांत अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक पडत नाही.

आता हेच गणित आपल्या काळ्या सायकलीवर उलटे चालवून पाहावे. चोवीस इंच म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर. त्यावर स्प्रिंगांची सीट अगदी तळाला बसवली तरी तिचे चारेक इंच जातात, तेव्हा सीटचा माथा ७१ सेंटिमीटरच्या खाली येऊच शकत नाही. म्हणजे ज्याची जांघ साडेऐंशी सेंटिमीटरवर आहे अशा उंच गड्यालाच ही सायकल तिच्या सर्वांत नीच बैठकीवर बसते. आमच्याकडचा साडेपाच फुटांच्या आतला माणूस, ज्याची जांघ पंचाहत्तरीच्या आसपास, तो जन्मभर आपल्या योग्य बैठकीपेक्षा दोन इंच अधर बसून चालवीत आला. तो प्रत्येक फेऱ्याला कंबर एका बाजूस टाकून पायडल गाठी, आणि त्या झुलण्याला शहरी लोक गावंढळपणा म्हणून हसत. दोष त्याच्या कंबरेचा नव्हता, नळीचा होता. मिस्त्रीलाही तो दिसत असे. पण सीट तळाला टेकल्यावर तो तरी काय करणार? बावीस इंची सायकल, जिचा माथा ६६ सेंटिमीटरपर्यंत उतरतो, त्या माणसाला चपखल बसली असती.

सायकल ही गरिबाची गरज न राहता काही जणांची हौस आणि व्यायाम झाली तेव्हा मापाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी 'रॅम' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, आणि २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. त्यानंतर महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून डॉक्टर, शिक्षक, व्यापारी अशी मंडळी वाकड्या हँडलच्या, बोटाएवढ्या टायरांच्या रोडबाइकवर दिसू लागली. पॅरिसच्या ऑडॅक्स संस्थेच्या नियमांनी होणाऱ्या ब्रेव्हेमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत कापावे लागतात. मिनिटाला ऐंशी फेरे या बेताने दहा तास चालविले तर प्रत्येक गुडघा अठ्ठेचाळीस हजार वेळा वाकतो. आठवडी बाजारापर्यंतच्या चार मैलांत जी चूक खपून जाते, ती इथे खपत नाही. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस, वर असेल तर मागच्या बाजूस कळा लागतात. हँडल लांब पडले तर तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला मुंग्या येतात आणि मान आखडते.

म्हणून पुण्या-मुंबईसारख्या शहरांत सायकल-फिटिंग हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला, आणि बीडच्या हौशी स्वाराने गाडीच्या टपावर सायकल बांधून तिकडे जाण्याची प्रथा पडू लागली. तिथला विधी पाहण्यासारखा असतो. प्रथम स्वाराला मेजावर निजवून त्याच्या मांडीमागच्या शिरा किती ताणतात, एक पाय दुसऱ्याहून आखूड आहे काय, हे पाहतात. बसण्याच्या दोन हाडांमधील अंतर मोजून सीटची रुंदी ठरवितात. मग सायकल ट्रेनरवर जखडून त्याला घाम येईपर्यंत चालवावयास लावतात. नडगी, गुडघा, खुबा यांवर खुणा चिकटवून गुडघ्याचा कोन कोनमापकाने अथवा कॅमेऱ्याने घेतात. पायडल तळाला असताना तो पंचवीस ते पस्तीस अंश वाकलेला असावा असा संकेत आहे. त्यानंतर पायडल आडवी करून गुडघ्याच्या पुढच्या टोकावरून ओळंबा सोडतात, आणि तो पायडलीच्या आसावर पडतो की नाही यावरून सीट पुढे-मागे सरकवितात. गवंड्याचा ओळंबा इतक्या महागड्या यंत्रसामग्रीच्या दालनात अजून मानाने लटकत असलेला पाहून मला मोठी मौज वाटते, विशेषतः तो पायडलीच्या आसावरच पडला पाहिजे याला शरीरशास्त्राचा पक्का आधार नाही, अशी टीका कीथ बाँट्रेगर यांच्यासारख्या सायकल बनविणाऱ्यांनी केव्हाच करून ठेवली असताना. शेवटी बुटांखालचे खिळे, स्टेमची लांबी, हँडलची उंची हे सारे जुळले की आकड्यांचा एक कागद हातात पडतो. या एका बैठकीच्या शुल्कात कधी कधी एक नवी काळी सायकल यावी.

या व्यवसायाला नवश्रीमंतांचे चोचले म्हणून नाके मुरडणारे लोक आहेत; मी त्यांच्यात नाही. त्यातला काही भाग दिखाऊ असेल, पण माणसाच्या अंगाला यंत्र जुळविले पाहिजे, यंत्राला माणूस नव्हे, हा आग्रह राक्षसभुवनच्या स्वारालाही समजला असता. माझी तक्रार एवढीच की तो आग्रह अजून रोडबाइकपुरता राहिला आहे. बालाघाटावरच्या वस्तीतून पहाटे दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकावून उतरणारा माणूस आजही अनेकदा चोवीस इंचीवरच झुलतो. त्याला कोनमापकाची गरज नाही. दुकानदाराने विकताना त्याला टाच टेकवावयास लावले आणि टेकत नसेल तर मागची बावीस इंची पुढे काढली, की काम भागते.

बीडला परतलेला स्वार तो आकड्यांचा कागद घरी कपाटात ठेवतो आणि पहिल्या ओव्हरऑयलिंगला सायकल आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडेच नेतो. मिस्त्री सीटपोस्ट उपसण्यापूर्वी नळीच्या तोंडाशी काळ्या चिकटपट्टीचा एक फेरा मारतो, म्हणजे परत बसविताना उंची हलत नाही, आणि सायकल ताब्यात देताना जुन्या सवयीने म्हणतो, "एकदा टाच लावून बघा की."