सातास सहा : प्रकाशतंतूंच्या मापांतला बट्टा

देगलूरकडच्या जुन्या व्यापाऱ्यांना दोन मापांचा हिशेब अंगवळणी पडलेला होता. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले, इंग्रजी मुलखात कलदार. ठरलेला भाव ७ हालीला ६ कलदार. म्हणजे १०० कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होत. बदलून देणारा सराफ वर आपला बट्टा कापून घेई. नाव दोहोंचेही रुपयाच. त्यामुळे सौदा करताना ‘कोणता रुपया?’ हे आधी विचारून घ्यावे लागे.

हाली शिक्का इतिहासजमा झाला. परंतु एकाच नावाची दोन मापे आणि त्यांमधला बट्टा हा प्रकार दूरसंचाराच्या जगातही घडला. रस्त्याकडेला पुरलेल्या प्रकाशतंतूंतून माहिती किती वेगाने धावते, हे सांगणाऱ्या विचित्र आकड्यांमागे तोच इतिहास आहे.

या हिशेबाचे मूळ माणसाच्या आवाजात आहे. बोलणे समजावे म्हणून टेलिफोनने सुमारे ४,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज वाहून नेला तर पुरते. तो आकड्यांत उतरवायचा तर सेकंदाला ८,००० वेळा मोजावा लागतो आणि प्रत्येक मोजणीला ८ बिट लागतात. म्हणजे एका आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट. इथवर साऱ्या जगाचे एकमत होते. फाटे फुटले ते आवाजांची मोळी किती जणांची बांधायची यावर.

अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ पासून २४ आवाजांची मोळी वापरात आणली. २४ गुणिले ८ म्हणजे १९२ बिट, आणि मोळी कुठे सुरू होते हे कळावे म्हणून आणखी १. या १९३ ला ८,००० ने गुणले की १५,४४,००० होतात. हीच टी-१, म्हणजे १.५४४ मेगाबिट. युरोपाने ३२ कप्प्यांची मोळी केली; ३० आवाजांचे आणि २ व्यवस्थेचे. तिचा वेग २.०४८ मेगाबिट, नाव ई-१. भारताने युरोपीय मोळी स्वीकारली.

पुढच्या पायऱ्यांवर गुंता वाढला. चार ई-१ एकत्र केल्यावर ८.१९२ व्हायला हवेत, प्रत्यक्षात ८.४४८ ठेवावे लागले. प्रत्येक केंद्राचे घड्याळ किंचित पुढे-मागे असे, म्हणून भरतीचे बिट घालून सगळ्यांना जुळवून घ्यावे लागे. वर ३४.३६८ आणि १३९.२६४ अशा पायऱ्या होत्या. या पद्धतीचा खरा जाच वाटेवरच्या गावांना होता. वरच्या पायरीच्या मोठ्या मोळीतून एकच ई-१ मधल्या गावी उतरवायची, तर सगळी मोळी पायरीपायरीने सोडायची, हवी ती काढायची आणि पुन्हा तशीच बांधायची. दोन मोठ्या शहरांना हा खर्च झेपतो. दोहोंच्या मध्ये असलेल्या तालुक्याच्या गावाला तो जड जातो.

तोडगा १९८८ मध्ये निघाला. अमेरिकेत प्रकाशतंतूंसाठी ‘सॉनेट’ नावाचे मानक आकार घेत होते (कवितेतल्या सुनीताशी त्याचा संबंध नाही). आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतून त्याचे ‘एसडीएच’ हे जागतिक रूप तयार झाले. तोडग्याचा गाभा शाळेतल्या लसाविचा आहे. ९ आडव्या ओळींची चौकट घेतली. तिच्या एकेका घरात ८ बिट. टी-१ ला २४ घरे आणि थोडी जादा जागा लागते : ३ उभे रकाने, २७ घरे. ई-१ ला ३२ आणि थोडी जादा : ४ रकाने, ३६ घरे. ३ आणि ४ यांचा लसावि १२. म्हणून १२ रकान्यांच्या गटात चार टी-१ बसतात, नाहीतर तीन ई-१. अपूर्णांक कुठेच उरत नाही.

अमेरिकेची मूळ चौकट ९० रकान्यांची, ५१.८४ मेगाबिटची. तिची तिप्पट म्हणजे जागतिक एसटीएम-१ : २७० रकाने, २,४३० घरे, १५५.५२ मेगाबिट. तिच्यात ८४ टी-१ किंवा ६३ ई-१ मावतात. मात्र ६३ ई-१ मिळून होतात १२९.०२४ मेगाबिट. उरलेले २६.४९६ मेगाबिट, म्हणजे शेकडा १७, पत्ता, देखरेख आणि घड्याळ जुळवण्यात जातात. हा बट्टाच. पण त्याच्या मोबदल्यात प्रत्येक मोळीची चौकटीतली जागा कळते आणि वाटेवरच्या गावाला बाकीच्यांना हात न लावता आपली मोळी उतरवून घेता येते.

भारतनेट हे आजचे उदाहरण. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या या योजनेला २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजुरी मिळाली. ‘भारतनेट’ हे नाव नंतरचे. तिच्यात वापरलेल्या जीपॉन पद्धतीत गावाकडे येणारा वेग २.४८८३२ गिगाबिट आहे. हा आकडा बरोबर १५५.५२ ची सोळापट आहे. आता तंतूंतून चित्रफिती आणि सातबाराचे उतारे जात असले, तरी चौकट अजून सेकंदाला ८,००० वेळाच निघते. टेलिफोनवरच्या आवाजाने घालून दिलेली ही लय आहे.

योजनेत पंचायतीला १०० मेगाबिटचे उद्दिष्ट सांगितले जाते. ग्राहक मात्र फाइल मेगाबाइटमध्ये मोजतो आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिट म्हणजे फार तर साडेबारा मेगाबाइट, तेही बट्टा वजा होण्याआधी. वेगाचा आकडा ऐकल्यावर तो बिटांचा की बाइटांचा, तारेवरचा की हाती पडणारा, एकट्याचा की वाटून घ्यायचा, हे विचारलेच पाहिजे. ‘हाली की कलदार?’ असे विचारल्याशिवाय देगलूरच्या पेठेतही कुणी सौदा पक्का करत नसे.